न्हाणीमागचा पांढऱ्या फुलांचा कांदा: हलवावा की राहू द्यावा?

धाब्याचं_घर (२७ मे)

राम राम मंडळी. बऱ्याच वर्षांचा वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. तिथे आजोबांच्या काळातलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर आहे. मागच्या अंगणात न्हाणीचं पाणी जिथे जाऊन मुरतं, तिथे एक कांद्याचं झाड आहे. झाड म्हणायचं ते पावसाळ्यापुरतंच. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून लोळतात आणि होळीपर्यंत तिथे काही होतं याचा मागमूस राहत नाही. मग वळवाची एखादी सर पडते आणि आठ-दहा दिवसांत बोटाएवढा जाड दांडा वर येतो. त्याच्या शेंड्याला बारा-पंधरा फुलं, पांढरी, भोंग्यासारखी, मान खाली घातलेली. प्रत्येक पाकळीच्या मधोमध गुलाबी पट्टा. दिवेलागणीला असा वास सुटतो की पुढच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाही कळतं, मागे फुललं.

आजी त्याला नुसतं 'कांदाफूल' म्हणायची. तिने ते माहेरून, चोपड्याकडून, लुगड्याच्या ओच्यात बांधून आणलं असं आत्या सांगते. काका म्हणतात ते आधीपासूनच होतं, आजीने फक्त पाणी वळवलं. यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांकडे पुरावा शून्य.

आता घर पाडायचं ठरलंय. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे जमलो तेव्हा मोठ्या भावाने सांगून टाकलं, दिवाळी झाली की जेसीबी लावायचा आणि स्लॅब टाकायचा. कांद्याचा विषय मी काढला तर म्हणाला, "कांदा तो कांदा, बाजारात दुसरा मिळेल."

मी राहतो जळगावात, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी पश्चिमेची. मे महिन्यात तिथे सौ. पापड वाळवते, यावरून ऊन किती ते समजून घ्या. हे झाड नेमकं कोणतं, कुंडीत जगेल का, आणि काढायचं तर कधी, एवढं कुणी सांगेल का?

कळण्याची_भाकर

अहो, हे तर सुदर्शन! आमच्याकडे प्रत्येकाच्या परसात असायचं. कान दुखला की पान तव्यावर शेकायचं, पिळायचं, दोन थेंब कानात. रात्री रडणारं पोरगं सकाळी गोट्या खेळायला हजर.

गिरणेचा_गोटा

भाऊ, एक सांगी ठेवस. कांदा समजीसन भाजीमा टाकशी ना, ते रातभर लोटा लिसन पयनं पडी.

धाब्याचं_घर

@गिरणेचा_गोटा, अनुभवाने बोलताय का? :)

गिरणेचा_गोटा

मी नही, मना मामा. तो आठवस ते आजूनबी पोट धरस.

पानफूल

वर्णन फार चांगलं केलं आहे तुम्ही, फोटो नसतानाही ओळख पटते. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. मान खाली घातलेलं भोंग्याच्या आकाराचं फूल, रुंद पाकळ्यांवर गुलाबी पट्टा, पावसाळ्यानंतर मरणारी पानं, या सगळ्यावरून हे क्रायनम लॅटिफोलियम असावं. लॅटिफोलियम म्हणजे रुंद पानांचं. लिनियसने १७५३ साली हे नाव दिलं. मराठीत याला गडांबी कांदाही म्हणतात आणि सुदर्शनही. गोंधळ असा की सुदर्शन हे नाव याच्या भावंडांनाही सर्रास लावतात.

तेव्हा एकदा खात्री करून घ्या. फुलाच्या आत बघा. पुंकेसरांच्या बुडाशी पातळ पांढरा पडदा असून त्याची वाटी झाली असेल, तर ते क्रायनम नाही. मग ती अमेरिकेतून आलेली स्पायडर लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस, किंवा आपल्याकडचंच छोटं पॅन्क्रॅशियम. वाटी नसेल आणि केसर सुटे असतील तर क्रायनम. पाकळ्या सुतळीसारख्या अरुंद असतील आणि पानं बाराही महिने हिरवी राहत असतील, तर क्रायनम एशियाटिकम, ज्याला नागदवणा म्हणतात. ओढ्याकाठी, चिखलात उगवणारं आणखी एक क्रायनम आहे, त्याच्याही पाकळ्या अरुंद असतात. पण तुम्ही पट्टा सांगितलात, तिथेच निम्मं काम झालं.

आणि हो, ही रानातली वनस्पती आहे, आपल्याच देशातली. बागेत लावतात म्हणून परदेशी समजू नका. परदेशी आहे तो आपला निशिगंध, मेक्सिकोहून आलेला. पहिल्या पावसात कुंड्यांतून डोकावणारी पांढरी रेन लिलीसुद्धा दक्षिण अमेरिकेची.

बट्टीवाला

निशिगंध मेक्सिकोचा?? आणि आमच्या लग्नात अख्खा मांडव 'पारंपरिक' म्हणून त्यानेच सजवला होता. पैसे परत मागावेत काय?

आखाजी

@बट्टीवाला मिरची पण तिकडचीच आहे भाऊ. शेवभाजी खाणं सोडणार का?

बट्टीवाला

विषय संपला.

स्टेथोस्कोप

कळण्याची_भाकर ताई, राग मानू नका, पण कानात रस घालणं थांबवा. कान-नाक-घसा हाच माझा व्यवसाय. कान दुखतो त्यामागे बऱ्याचदा सर्दीमुळे पडद्याआड साचलेला पू असतो. पडद्याला भोक पडलं असेल तर बाहेरून घातलेला कुठलाही रस थेट मध्यकर्णात जातो. त्यात हा कांदा विषारी गटातला, लायकोरिन नावाचं अल्कलॉइड असतं त्यात. गिरणेचा_गोटा यांच्या मामांना जे झालं ते त्याचंच काम असणार. पूर्वी बरं वाटायचं, कारण शेकलेल्या पानाची ऊब लागायची आणि अशी बरीच दुखणी दोन-तीन दिवसांत आपली आपण उतरतात.

कळण्याची_भाकर

डॉक्टर, माझा कान तुमच्यासारख्यांनीच तपासला आणि औषधाचे सातशे रुपये घेतले. सुदर्शन फुकट होतं. बाकी तुम्ही म्हणता ते पटलं, नातवाच्या कानात नाही घालणार. स्वतःच्या घालीन.

तापीकाठ

कान तुमचा, पान तुमचं. :)

एक शंका. मेडिकलमध्ये महासुदर्शन चूर्ण मिळतं, तापावर देतात, ते याचंच का?

पानफूल

नाही. त्याचा मुख्य घटक काडेचिराईत. नावापलीकडे दोघांचा संबंध नाही. म्हणून कडू लागतं म्हणून कुणी या कांद्याचं चूर्ण करायला जाऊ नका.

लोको_शेड

वाचून एकदम भुसावळ आठवलं. वडील रेल्वेत. क्वार्टरच्या फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही बाजूंना विटा तिरप्या रोवलेल्या, त्यांना चुना आणि गेरू, आणि विटांच्या आत ह्याच कांद्यांची रांग. आधीच्या कुटुंबाने लावलेली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी दिलेली. बदली झाली की माणसं सामान घेऊन जायची, कांदे तिथेच. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की आधी पिंप भरायचे, आणि झाडांना धुण्याचं पाणी. तेही कांद्यांच्या वाट्याला यायचं नाही, कारण दिसतच नसत. ४५ अंशांत जमिनीला भेगा पडायच्या आणि हे महाशय खाली झोपलेले. जूनमध्ये रांगच्या रांग उभी. रात्रपाळी करून वडील घरी यायचे तेव्हा त्या वासावरून अंधारात फाटक सापडायचं म्हणे. हे 'म्हणे' आईचं, वडिलांना असलं काही सुचायचं नाही.

केळीबाग

कुंडीत जगतो. माझ्याकडे रावेरला बागेच्या बांधावर आहेत आणि घरी कुंडीतही आहेत. पण कुंडी मोठी पाहिजे, सोळा इंची तरी. आणि आपली काळी माती नुसती भरू नका. काळ्या मातीत पाणी धरून राहतं, कांदा सडतो. एक घमेलं काळी, एक घमेलं मुरूम नाहीतर जाड वाळू, अर्धं घमेलं कुजलेलं शेणखत, असं मी घेतो. कांद्याची मान मातीच्या वर ठेवायची. पश्चिमेचं ऊन चालतं, तळ्यासारखं साचलेलं पाणी चालत नाही.

आता खरी अडचण ऐका. अळी. काळी, अंगावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके, दिसायला दागिना. लिली मॉथची. पावसाळ्यात एका रात्रीत येते आणि चार दिवसांत पानांचा चोथा करून कांद्याच्या मानेत घुसते. मी पहिल्या वर्षी कौतुकाने फोटो काढत बसलो. "कसली सुंदर अळी" म्हणून स्टेटसलाही ठेवली. रविवारपर्यंत फक्त बुडखे उरले. आता सकाळी चहाच्या आधी चिमट्याने वेचतो आणि साबणाच्या पाण्यात टाकतो. पानाच्या पाठीमागे अंडी पुंजक्याने असतात, तेवढा तुकडाच कापायचा. कळलावीवरही हीच अळी येते, तेव्हा दोन्ही शेजारी लावू नका.

तोरणमाळ_वारी

एवढी चर्चा कशाला? जुना कांदा उकरायचा, तो तुटायचा, मग रडायचं. दर पावसाळ्यात आम्ही मित्र सातपुड्यात जातो. पाल-यावलकडे उतारावर हे ढिगाने असतं. मागच्या वर्षी मी पिशवीभर आणले, अर्धे सोसायटीत वाटले. पत्ता द्या, चार पाठवतो.

रानभूल

@तोरणमाळ_वारी, यावल हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम २९ वाचा. परवानगीशिवाय तिथून काहीही काढून नेता येत नाही, त्यात झाडंही आली. आणि कायदा बाजूला ठेवा. तुमच्यासारखी वीस टोळकी दर शनिवारी पिशव्या घेऊन आली तर पाच वर्षांनी त्या उतारावर काय उरेल? हे फूल तिथे ढिगाने दिसतं, कारण गुरं-शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. गुरांनी सोडलं ते माणसाने न्यायचं का?

तोरणमाळ_वारी

चढू नका. मी अभयारण्याच्या आतून आणले असं कुठे म्हणालो? रस्ता रुंद करत होते, मशीनने कड खरवडून कांदे रस्त्यावर पडले होते. डंपर त्यांच्यावरून जात होते. ते उचलले, तर मी चोर?

रानभूल

मग 'पिशवीभर आणले, ढिगाने असतात' असं लिहू नका, 'डंपरखालून वाचवले' असं लिहा. वाचणाऱ्याला पहिलंच वाक्य लक्षात राहतं. आणि तरीही वनरक्षकाला विचारून न्यायला हवे होते.

बट्टीवाला

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सॉरी, तेही अमेरिकेचं. लाह्या घेऊन बसलोय.

तोरणमाळ_वारी

ठीक. विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारीन. पण सोसायटीतले सगळे जगलेत, हेही लिहून ठेवा.

वहिवाट

रानभूल यांचं पटतं, पण एक प्रश्न. धागाकर्त्याची आजी चोपड्याहून ओच्यात बांधून घेऊन आली असेल, तर तो कांदाही सातपुड्यातूनच आला ना? त्याला आपण 'वारसा' म्हणतो आणि ह्या भाऊंना चोर.

रानभूल

आजीने एक आणला आणि तो एवढी वर्षं सांभाळला. पिशवीभर नाही. तरी प्रश्न चांगला आहे, माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. हौस असेल त्यांनी बियांपासून करावं एवढंच म्हणेन. क्रायनमच्या बियांसारखं सोपं दुसरं काही नाही. मोठ्या, गरगरीत, हिरवट, ओल्या असतात. मातीही लागत नाही, टेबलावर ठेवली तरी मोड येतो. माझ्या एका बीला पेनस्टँडमध्ये मोड आला होता. फक्त साठवून ठेवायच्या नाहीत, महिनाभरात लावून टाकायच्या. फुलायला मात्र तीन-चार वर्षं धीर धरावा लागतो, आणि अडचण तिथेच आहे. पिशवी भरायला दहा मिनिटं लागतात.

मुंबईकर_खान्देशी

अवांतर: मी नर्सरीतून अडीचशे रुपयांना 'सुदर्शन' घेतलं, विक्रेत्याने शपथ घेऊन सांगितलं. वरचा पानफूल मॅडमचा प्रतिसाद वाचून आज फुलात डोकावलो. वाटी आहे. मोठी, स्पष्ट, चहाची बशी ठेवावी अशी. म्हणजे दोन वर्षं मी हायमेनोकॅलिसला 'आमच्या खान्देशचं फूल' म्हणून पाहुण्यांना दाखवत होतो.

पानफूल

तेही सुंदर असतं हो. पाहुण्यांना काही सांगू नका.

शिवारातली_वाट

नागदवणा लावला की साप येत नाही म्हणतात, ते खरं का? आमच्या खळ्यावर खूप निघतात.

केळीबाग

मी स्वतः धामण याच कांद्यांच्या बुडात वेटोळं करून बसलेली पाहिली. गार जागा मिळाली तिला. उंदीर कमी करा, साप आपोआप कमी होतील.

आखाजी

व्हॉट्सॲपवर आलं होतं की व्हिएतनाममध्ये या पानांचा चहा प्रोस्टेटवर देतात आणि गाठ विरघळते. आमचे सासरे मागे लागलेत. डॉक्टर?

स्टेथोस्कोप

माझा विषय गळ्याच्या वरचा :) पण सांगतो. व्हिएतनाममध्ये या वनस्पतीच्या पानांच्या गोळ्या-चहा विकतात हे खरं आहे. त्यावरून परसातली पानं उकळून प्यावीत असं ठरत नाही. मात्रा चुकली की उलट्या. सासऱ्यांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे न्या. या कुळाला मी नावं ठेवत नाही. स्मृतिभ्रंशावर वापरतात ते गॅलँटामाइन याच कुळातल्या स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडात पहिल्यांदा सापडलं. पण ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. पातेल्यात उकळून नाही.

वहिवाट

कूळ कोणतं? कांद्याचंच ना? मग कांदा आम्ही रोज खातो तो कसा चालतो?

पानफूल

चांगला प्रश्न. हे अमॅरिलिडेसी कूळ. २००९ च्या वर्गीकरणापासून आपला कांदा आणि लसूणही याच कुळात धरतात, पण उपकूळ वेगळं. एका आडनावाच्या दोन भाऊबंदक्या समजा. एकाच्या घरी जेवायचं, दुसऱ्याच्या घरी पाणीही प्यायचं नाही. घरात कांदा फोडताना जो वास येतो तो या कांद्याला येत नाही, ही ओळखीची साधी खूण.

रानात आणखी एक फसवा कांदा असतो, कोळकांदा. त्याची फुलं मळकट आणि पानांच्या आधी येतात. तो हृदयावर परिणाम करतो, तेव्हा रानातला कांदा म्हणून काहीही चाखू नये.

गिरणेचा_गोटा

मामाले हाई वाची दाखाडतस.

धाब्याचं_घर (१४ जून)

सगळ्यांचे आभार. मृग लागल्या लागल्या गावी जाऊन आलो. दोन दांडे होते. फुलात डोकावलो, वाटी नाही, केसर सुटे आणि सगळे एका बाजूला झुकलेले. म्हणजे पानफूल मॅडम बरोबर.

रात्री कंदील घेऊन मागे बसलो. लाईट गेली होती, मुद्दाम नाही. साडेआठच्या सुमाराला एक मोठा पतंग आला. चिमणीएवढा म्हणणार होतो, पण अंधारात सगळंच मोठं दिसतं. फुलावर न बसता समोर हवेत थरथरत थांबला आणि लांब सोंड भोंग्यात घातली. भाऊ खाटेवरून बघत होता. म्हणाला, "हे रोज होतं का?" चाळीस वर्षं त्याच घरात राहिलाय.

आता काढू की थांबू?

रानभूल

तो हॉकमॉथ. पांढरं फूल, रात्रीचा वास, लांब नळी, सगळा थाट त्याच्यासाठीच.

आता काढू नका. फुलून, पानं वाढवून कांदा पुढच्या वर्षाची शिदोरी भरतोय. पानं पिवळी पडायला लागली की काढा.

केळीबाग

सहमत. आणि खणताना फसाल, सांगून ठेवतो. कांदा वाटतो त्याहून खोल असतो. याची मुळं आकसतात आणि दरवर्षी कांद्याला थोडं खाली ओढतात. जुना असेल तर दीड-दोन फूट जाईल. पहार नको, एक हात लांबून गोल चर खणा.

लोको_शेड

हे माहीत नव्हतं! आई म्हणायची, "हा पाताळात पाणी प्यायला जातो." आम्ही हसायचो.

धाब्याचं_घर (१९ नोव्हेंबर)

धागा वर काढतोय. जेसीबी सोमवारी येणार होता, आज शनिवारीच आला. भावाचा फोन सकाळी साडेसातला. "तुझा कांदा काढायचा असेल तर दुपारपर्यंत ये, मशीन तासावर आहे." जळगाव ते गाव मोटरसायकल मी आजवर एवढी कधी पळवली नाही. हेल्मेट होतं.

पुढचं घर तोवर निम्मं आडवं. धाब्याची खारी माती उडून अंगण पांढरं झालेलं, कांद्याची पानं कुठली ते कळेना. ऑपरेटर चहा प्यायला थांबला होता. त्याला हात जोडले, अर्धा तास मागितला. तो म्हणाला, "बादलीनेच काढून देऊ का?" नको म्हणालो. मग तोच खाली उतरून टिकाव घेऊन बसला. यावलकडचा निघाला. त्यांच्या शेताच्या कडेलाही आहे म्हणे हे.

एक कांदा अखंड निघाला, नारळाएवढा. दुसऱ्याला टिकावाचा घाव बसला. पिल्लं चार. खाली अजून असावेत असं वाटत होतं, पण अर्धा तास संपला आणि भावाच्या चेहऱ्यावर मीटर फिरत होता.

घाव बसलेल्याचं काय करू?

केळीबाग

सडका भाग धारदार चाकूने साफ कापा, जखमेला राख चोळा, आठवडाभर सावलीत वाऱ्याला ठेवा. मग कोरड्या मातीत लावा. दोन आठवडे पाणी देऊ नका. पाण्याचीच घाई माणसं करतात.

कळण्याची_भाकर

ऑपरेटरला जेवायला घातलंत की नाही?

धाब्याचं_घर

वहिनीने वरण-बट्टी केली होती. सात बट्ट्या खाल्ल्या त्याने.

बट्टीवाला

माणूस चांगला आहे.

तोरणमाळ_वारी

लावल्यावर पहिल्या वर्षी फुलाची आशा धरू नका. सोसायटीतल्यांपैकी दोनच फुलले, बाकीचे रुसून बसले. हलवलेलं याला आवडत नाही. (हो रानभूल, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार.)

रानभूल

मी काहीच म्हणालो नाही. बिया आल्या तर दोन ठेवा माझ्यासाठी.

धाब्याचं_घर (११ जून)

मंडळी, वर्ष झालं. हिशोब देतो.

घाव बसलेला कांदा फेब्रुवारीत गेला. हात लावला तर मऊ, वासही सुटलेला. चारांपैकी तीन पिल्लं जगली. मोठा कांदा गॅलरीत सोळा इंची कुंडीत, केळीबाग यांच्या मापाने माती. मेच्या शेवटच्या आठवड्यात कोंब आला तेव्हा सौ.ने पापडाची खाट स्वतःहून सरकवली. आता सात पानं आहेत, हातभर लांब, तजेलदार. दांडा नाही. तोरणमाळ_वारी म्हणाले होते तसंच, रुसलाय.

काल रात्री भावाने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. काही लिहिलेलं नाही, नुसता फोटो. नव्या घराच्या मागे वाळूचा ढीग आहे, स्लॅब झाल्यावर उरलेला. त्या ढिगातून दोन दांडे वर आलेत. एकाला नऊ फुलं, एकाला बारा, मी मोठं करून मोजली. म्हणजे जेसीबी, मुरमाची भर, पाण्याचा टँकर, सगळं वरून गेलं आणि खाली राहिलेले आपले बसून होते.

आणि ढिगाभोवती चार विटा तिरप्या रोवलेल्या आहेत.

लोको_शेड

तिरप्या? आणि चुना?

धाब्याचं_घर

चुना नाही अजून. फोन केला, तर म्हणाला पोरांनी रोवल्या. त्याची पोरं पुण्याला असतात.

कळण्याची_भाकर

:) :)

पानफूल

वाळूत उगवलं म्हणजे निचरा उत्तम. ढीग उचलायला माणूस येईल तेव्हा मात्र भावाला घरीच राहायला सांगा.

वहिवाट

मग आत्या की काका? आजीने आणलं की आधीपासून होतं?

धाब्याचं_घर

आत्या म्हणते, "बघ, माझ्या आईच्या माहेरचं आहे, असं जात नाही." काका म्हणतात, "बघ, जागेचंच आहे, जाईल कसं." दोघांनी तोच फोटो पुढे पाठवलाय.

गिरणेचा_गोटा

भाऊ, आते गावमा फुललं ते गॅलरीमाना कांदा माले दी टाक. मामाले दाखाडनं शे.

धाब्याचं_घर

मामांपासून तो लांबच बरा. आणि रांगेत या, तुमच्या आधी पाच जण आहेत. रानभूल यांच्या बिया वेगळ्या.